तिसरी पिन

पार्सिपनी, न्यू जर्सी
सप्टेंबर १९८६

प्रिय सुमेधा,

आधी अक्षराबद्दल. ओळी खाली घसरत जातील आणि मध्येच एक शब्द दुसऱ्याच्या डोक्यावर बसेल, तर समजून घे. माझ्या चष्म्याची डावी काच तडकली आहे. कशी, ते पुढे येईलच. माझं अक्षर सिस्टर ऑगस्टिनच्या पट्टीखाली घडलेलं, ते आजवर कधी बिघडलं नाही, म्हणून आधीच खुलासा केला. हात थरथरत नाहीये. मी घाबरलेली नाही, संतापलेली आहे. दोन वर्षं माझ्याबरोबर काढल्यावर हा फरक तुला सांगायला नको.

रविवारी तुझा फोन आला. ‘आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. मी कंप्लेंट मागे घेते, कोर्टात काही बोलत नाही,’ एवढं म्हणालीस आणि मी ‘का गं?’ म्हणेपर्यंत ठेवूनही दिलास. मी रिसीव्हर हातात घेऊन तशीच उभी, आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून, जामिनावर सुटलेला श्रीरंग उभा. पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून तो हसला. पोटच्या पोराचं हसू बघून अंगावर काटा यावा, हे माझ्या नशिबात या वयात लिहिलं होतं. तू एकाएकी मागे का सरलीस, ते मला रविवारी कळलं नाही. आज कळलं. पण ते मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तू रडत बसशील आणि बाकीचं वाचणार नाहीस. त्या संध्याकाळी कॅम्पग्राउंडवर तू नळापाशी होतीस, गाडीकडे पाठ करून. नंतर शुद्धीवर नव्हतीस. तुला जे दिसलं नाही ते मला दिसलं आहे, आणि तुला दिसलं नाही याच्याच जोरावर श्रीरंगच्या बाजूची मंडळी उड्या मारताहेत.

मी शाळेतून निवृत्त होऊन इथे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाथरूममध्ये विचित्र उंचीवर टांगलेलं कॅलेंडर पाहिलं. इंडियन ग्रोसरीवाल्याने दिलेलं, लक्ष्मीचं. माणसाच्या छातीच्या खाली लक्ष्मी कोण टांगतं? उचलून बघितलं तर मागे भिंतीला भगदाड, आणि त्या प्लास्टरमध्ये तुझा एक लांब केस अडकलेला. मी तो केस काढून कचऱ्यात टाकला आणि त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याला विचारलं, ‘भिंत कशाने फुटली?’ तो म्हणाला, ‘आई, अमेरिकन घरं कागदाची असतात.’ मी म्हटलं, ‘मग डोकं कशाचं असतं?’ तो ताट भिरकावून उठून गेला. आमटी पडद्यावर गेली. मी त्याच्यामागे गेले आणि जे बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोलले. त्यानंतर तो एवढंच शिकला की मी घरात असताना हात उचलायचा नाही. मी देवळात गेले, मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले, की परत आल्यावर तू पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातलेली. जुलै महिन्यात. तापलेला तवा तुझ्या हातून निसटून पायावर पडला म्हणे. तवा पायावर पडला तर भाजेल बोटांवर. पोटरीच्या मागच्या बाजूला नाही.

मोटरहोमची कल्पना त्याचीच. ऑफिसातल्या कुणीतरी सुट्टीत तशी गाडी भाड्याने घेतली, म्हणून यालाही पाहिजे. चाकांवरचं घर: आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. आधी पिट्सबर्गला बालाजीचं दर्शन, मग ओहायोत डब्लिनला तुझ्या बहिणीकडे, कांचनकडे चार दिवस. रुपाली तर किती नाचली होती. पाच वर्षांच्या मुलीला घर रस्त्यावरून पळतंय यापेक्षा मोठी गंमत कुठली? मला सगळ्यात आधी आठवतं ते हे. तू शेजारच्या सीटवर मांडीवर नकाशाचं पुस्तक उघडून बसलेली. एक एक्झिट चुकली. त्याने स्टीअरिंगवरचा एक हात काढून ते जाडजूड पुस्तक तुझ्या मांडीवरून उचललं आणि तुझ्या तोंडावर हाणलं. नजर रस्त्यावर, वेग तोच. इतकं सहज, जणू माशी मारली. तुझा ओठ फुटला. रुपालीने मागून विचारलं, ‘मम्मी, डिड यू बाइट युअर लिप?’ आणि तू ‘हो गं राणी’ म्हणालीस. मी सीटचा पट्टा सोडून पुढे आले आणि त्याला म्हटलं की पुढे गाडी थांबव, आम्ही तिघी इथेच उतरतो. तर त्याने गाडी आणखी जोरात काढली. एवढी मोठी गाडी डोलायला लागली, कपाटातले डबे खाली आले, रुपाली किंचाळायला लागली. तेव्हा तूच हात जोडून म्हणालीस, ‘आई, बसा. प्लीज बसा.’ मी बसले ती रुपालीला धरायला.

आता कॅम्पग्राउंड, रात्रीपुरती गाडी लावायची ती जागा. इथून पुढे नीट वाच, कारण वकील तुला हेच विचारतील आणि तुझ्यासमोर घोळ घालतील. तू केमिस्ट्रीवाली, वीज तुझ्या आवडीची नाही हे मला माहीत आहे. मी मुलींना तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. लक्ष दे.

तिथल्या ऑफिसातल्या त्या डोरीनबाईने विचारलं, ‘थर्टी अँप की फिफ्टी?’ श्रीरंगसाहेबांना काय ते कळलं नाही. कळलं नाही की हा माणूस आवाज चढवतो, तसा चढवला. मी गाडीच्या केबलचा प्लग पाहिला होता, मी म्हटलं ‘थर्टी.’ तीन दांड्यांचा गलेलठ्ठ प्लग असतो तो तीसचा. पन्नासवाल्याला चार दांड्या असतात. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा पाणउतारा करायलाच अमेरिकेत आले. आमच्या जागेवर कमरेएवढा एक खांब होता, त्याच्यावर पत्र्याची पेटी. पेटीत सॉकेट आणि सॉकेटवर ब्रेकर, म्हणजे आपल्या भाषेत आपोआप पडणारं बटण. पद्धत अशी की आधी बटण पाडायचं, मग प्लग लावायचा, मग बटण वर करायचं. गाडीतला फ्रिज, दिवे, एसी, सगळं त्या एका केबलवर.

त्याने बटण वर केलं की ते खट्‌ करून खाली पडायचं. पुन्हा वर, पुन्हा खट्‌. याचा अर्थ एकच असतो. गाडीच्या आत कुठेतरी वायर सोलवटून पत्र्याला लागली होती. प्लगच्या दोन दांड्यांपैकी एकीतून वीज आत येते, दुसरीतून परत जाते. तिसरी, गोल, ती अर्थिंगची. सगळं ठीक चालू असतं तेव्हा तिला काही काम नसतं. बिघाड झाला की पत्र्यावर आलेली वीज ती ओढून नेते, आणि ती वीज एकदम एवढी वाहते की ब्रेकर पडतो. म्हणजे ब्रेकर बिघडला नव्हता, तो त्याचं काम करत होता. मी श्रीरंगला हेच सांगितलं. म्हटलं, ‘आत फॉल्ट आहे. आज विजेशिवाय राहू, मेणबत्त्या आहेत माझ्याकडे. उद्या कंपनीला फोन कर.’ तो म्हणाला, ‘आई, ही तुमची लॅब नाहीये. आय ॲम ॲन इंजिनिअर.’ इंजिनिअर! सिव्हिलचा. पूल बांधतो.

मग त्याने जे केलं ते आपल्यापैकी निम्म्या लोकांनी कधी ना कधी केलेलं आहे. तिकडे भारतात प्लग बसत नसला की आपण दोन उघड्या वायरी सॉकेटात घालून आगकाड्या खुपसतो, आणि वर बहादुरी सांगतो. या घरातही तेच. जुनी दोन भोकांची सॉकेटं म्हणून मिक्सरची, इस्त्रीची, टेबललॅम्पची, सगळ्यांची तिसरी पिन त्याने पकडीने मोडून काढलेली तू पाहिली आहेस. तेच इथे. टूलबॉक्समधून पक्कड काढली, केबलचा प्लग गुडघ्यात धरला, आणि ती गोल पिन इकडून तिकडे वाकवून वाकवून कडकन्‌ मोडली. तुकडा गवतात उडाला. मी ओरडले, ‘अरे, अख्खी गाडी जिवंत होईल!’ लाकडी फळ्यांवर चढवलेली, रबराच्या टायरांवरची गाडी, जमिनीशी तिचा संबंध एवढ्या त्या पिनेतूनच होता. त्याने प्लग लावला, बटण वर केलं. बटण राहिलं. आतला फ्रिज गुरगुरायला लागला. ‘सी?’ म्हणाला. मी तो तुकडा गवतातून शोधून उचलला, कारण रुपाली तिथे अनवाणी बागडत होती. पदराच्या टोकाला बांधला.

मी खांबाकडे जायला निघाले तसा तो मध्ये आला. दोन्ही खांदे धरून त्याने मला टेबलाच्या बाकावर आदळलं. ‘बटणाला हात लावशील तर बघ,’ म्हणाला. एकेरीवर आला होता. तू तेव्हा नळावर डाळ धुवायला गेली होतीस, तिथल्या सार्वजनिक नळावर, लांब. मी रुपालीला हाक मारून जवळ घेतलं. पोरगी म्हणाली, ‘आजी, द डोअर बाइट्स.’ दार चावतं! तिने आधीच हात लावला होता. तिच्या पायाखाली सुकं गवत होतं म्हणून झिणझिण्यांवर भागलं.

आता हे वाच आणि पुन्हा वाच. रुपालीचं ऐकून तो स्वतः दाराशी गेला. दाराच्या बाजूला चढताना धरायचा जो स्टीलचा दांडा असतो, त्याला त्याने बोट लावलं. पायात कोल्हापुरी होती, मघाशी पाण्याची नळी जोडताना भिजलेली. त्याला असा झटका बसला की तो शिवी देऊन मागे कोलमडला. बोट तोंडात घातलं. मी म्हटलं, ‘आता तरी बंद कर.’ त्याने बाकाखालचे आपले टेनिसचे बूट काढले, जाड रबरी तळव्यांचे. बाकावर बसून मोजे चढवले, नाड्या बांधल्या. मग उठून उभा राहिला आणि नळाच्या दिशेने बघत राहिला. तू येत होतीस. सुमेधा, त्याला माहीत होतं. बूट घालणाऱ्या माणसाला माहीत असतं.

तू आलीस. सवयीने चपला नळावर काढून ठेवल्यास, पाय धुतलेले, ओले, हातात भिजलेल्या डाळीचं पातेलं. मी ओरडले, ‘दाराला हात लावू नकोस!’ पण शेजारच्या गाडीत रेडिओ ठणाणा चालला होता. तुझा हात दांड्याला लागला, तू उडालीस, पातेलं उपडं झालं. ‘करंट येतोय,’ म्हणालीस. सांडलेल्या डाळीकडे बघून आधी त्याची क्षमा मागितलीस, मग म्हणालीस. हे मी विसरणार नाही. तो म्हणाला, ‘कुठे करंट? नाटकं नकोत. दाखव कुठे आहे करंट.’ तुझ्या त्या पूर्ण बाहीवरून त्याने मनगट धरलं. कातडीला कातडी लावली नाही, कापडावरून धरलं. आणि तुझा तळवा त्या दांड्यावर नेऊन दाबला.

तुझ्या बोटांनी दांडा आवळला. वीज आवळायला लावते, सोडू देत नाही. तुझं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. मान मागे. तुझ्या पायाची बोटं चिखलात रुतत होती. त्याने धरून ठेवलं. त्याचे वकील म्हणताहेत की तो तुला ओढून काढत होता. ओढणारा माणूस मागे रेलतो. हा पुढे झुकला होता, दुसरा हात तुझ्या पाठीवर रेटून. हसत असता तर मी म्हटलं असतं की क्रूर थट्टा करतोय. तो हसत नव्हता. तुझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता, आमच्या शाळेतल्या मुली नळीतलं द्रावण रंग बदलतं का बघायच्या, तसा.

माझ्या मनात पहिल्यांदा तू आली नाहीस. बटण आलं. तुला ओढायला गेले असते तर मीही तिथेच चिकटले असते. रुपालीला बाकावर उचलून ठेवलं, ‘हलायचं नाही’ म्हटलं, खांबाकडे धावले आणि बटण पाडलं. तू चिरगुटासारखी खाली आलीस. मला वाटलं, संपलं. तर त्याने वळून विचारलं, ‘कुणी बंद केलं?’ विचारलं मला, आणि पाय टाकला तुझ्यावर. मनगट पडल्यामुळे मोडलं असं तू पोलिसांना सांगितलंस, कारण तुला तेच वाटलं. पडल्यामुळे नाही मोडलं. त्याने त्या बुटाने ते दाबलं, टाच फिरवून, जळती सिगारेट विझवतात तसं. मी त्याचा आवाज ऐकला. मघाशी पिन मोडली तेव्हाच्या आवाजापेक्षा हा आवाज हलका होता.

गाडी समपातळीत आणायला आणलेल्या फळ्यांपैकी एक जादा फळी खांबाला टेकून ठेवलेली होती. ती मी उचलली. पहिला तडाखा त्याच्या पाठीत दिला. वळला, तर तोंडावर दिला. दात पडले ते त्या वेळी. तिसरा गुडघ्यावर, आणि तो बसल्यावर खांद्यावर, म्हणजे हात उचलला जाऊ नये. मी मारत होते आणि मला रडू येत नव्हतं. डोरीन ‘मॅम! मॅम!’ करत धावत आली तेव्हा तिने पाहिलं ते एवढंच: एक साडीतली म्हातारी एका रक्ताळलेल्या तरुण माणसाला फळीने बडवते आहे. तिनेच पोलीस बोलावले. देव तिचं भलं करो.

पोलीस आले तेव्हा मी रुपालीला घेऊन तुझ्या अँब्युलन्समागे डोरीनच्या गाडीतून निघाले होते, आणि आपले चिरंजीव तोंडाला टॉवेल लावून पोलिसांना सांगत होते की आईला इंग्रजी येत नाही, वयामुळे गोंधळते, धक्क्याने भ्रमिष्ट झाली. कागदावर तसं लिहिलं गेलं. ‘स्पीक्स नो इंग्लिश.’ मी! पाचवीपासून मराठीत बोललं की सिस्टर ऑगस्टिन हातावर पट्टी द्यायच्या, त्या शाळेत मी अकरावीपर्यंत शिकले. पुढे त्याच भाषेत तीस वर्षं शिकवलं. हॉस्पिटलात तो तरुण अधिकारी तुझ्याकडून जबाब घेऊन गेला आणि माझ्याकडे बघून फक्त मान लववली, मंदिरातल्या मूर्तीकडे बघावं तशी. मी तुझ्या आणि पोरीच्या पाठीमागे धावत होते, नाहीतर त्याला तिथेच धरून व्याकरण शिकवलं असतं. मला कुणी विचारलंच नाही, ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक. विचारतील तेव्हा सांगेन, म्हणून मी वाट बघत राहिले. तुझा जबाब आहे, तेवढा पुरेल असं वाटलं. तू रुपालीला घेऊन कांचनकडे सुखरूप पोचलीस, याच आनंदात राहिले. मी या घरात परत आले ते तुझे कागद, तुझे दागिने आणि पोरीची खेळणी त्याच्या हाती लागू नयेत म्हणून. ती आता शेजारी मिसेस नोव्हाककडे ट्रंकेत आहेत. चिंता नको.

आज सकाळी पुरुषोत्तम भावजी आले. तुझे चुलतसासरे म्हणून त्यांना मान देत आले, डॉक्टर म्हणूनही दिला, आजपासून दोन्ही बंद. सोफ्यावर बसले, चहा मागितला, आणि म्हणाले, ‘वहिनी, सगळं जुळून आलंय. सुमेधाने ऐकलंय.’ मी म्हटलं, ‘काय ऐकलंय?’ तेव्हा त्यांनी तुला काय सांगितलं ते मला सांगितलं. इतक्या कौतुकाने, जणू आपण फार हुशारीचं काम केलं. ती पिन म्हणे मी मोडली. श्रीरंग पार्किंगमध्ये होता, म्हातारीने आपल्या देशातल्या सवयीने प्लगवर कारागिरी केली, गाडीत वीज उतरली, सून चिकटली, मुलगा तिला सोडवायला धावला, आणि अपराधाच्या झटक्यात म्हातारीने त्याच्यावरच फळी चालवली. आगकाड्यांचंही सांगायचं, म्हणाले, इथल्या लोकांना ते लगेच पटेल. आणि तुला सांगितलं की तू केस लढवलीस तर तपास माझ्यावर येईल, आई तुरुंगात जातील, या वयात, परक्या देशात. तू मागे घेतलीस तर सगळंच मिटेल. म्हणून तू फोन केलास. ‘आई, तुम्ही काळजी करू नका.’ बावळट मुली! त्या मोडक्या हाताने तू मला वाचवायला निघालीस?

मी चहा आणून भावजींच्या समोर ठेवला नाही. सिंकमध्ये ओतला. आणि श्रीरंगला म्हटलं, ‘कोर्टात मी तुझ्या विरुद्ध उभी राहणार.’ तो म्हणाला, ‘तू माझी आई आहेस.’ म्हटलं, ‘म्हणून तर मला सगळ्यात जास्त दिसलं.’ तेव्हा त्याने मारली. उघड्या हाताने, कानशिलावर. चष्मा उडून फ्रिजला लागला. भावजी ‘अरे, अरे’ म्हणाले, सोफ्यावरून न उठता. मी चष्मा उचलला, डोळ्यांवर ठेवला, स्वयंपाकघरातून दोन वस्तू पिशवीत घातल्या, आणि मागच्या दाराने मिसेस नोव्हाककडे आले. तिच्या टेबलावर बसून लिहिते आहे. ती कानाला बर्फ लावून देते आहे आणि तिच्या पोलिश भाषेत त्याचा उद्धार करते आहे. एक अक्षर कळत नाही, पण फार बरं वाटतं आहे.

सरकारी वकिलांच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी हळूहळू, एकेक शब्द तोडून बोलायला लागली, बहिऱ्याशी बोलावं तशी. मी तिला म्हटलं, बाळ, तू साधं बोल, मला तुझ्यापेक्षा जास्त येतं. मग तिने वकिलांना दिला. मी त्यांना बुटांचं सांगितलं, बाहीचं सांगितलं, मनगटाचं सांगितलं. ते सगळं लिहून घेत गेले. मग म्हणाले, ‘मॅम, वेअर हॅव यू बीन?’ मी म्हटलं, ‘इथेच. कुणी विचारलं नाही.’ सोमवारी बसने मी कांचनकडे येते. तिथून आपण दोघी मिळून कॅम्पग्राउंडच्या गावच्या त्या कोर्टात जाऊ. त्यांच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायची आहे. खोटी साक्ष देऊ नये हे त्यात कुठल्या पानावर लिहिलंय ते मला ठाऊक आहे, पुरुषोत्तम भावजींना नसेल.

पत्र लिहिलं ते यासाठी. तू भीतीने मागे सरली असतीस तर मी एक शब्द न बोलता तुझ्याशेजारी बसले असते. पण माझ्यासाठी सरू नकोस. ती पिन मी मोडलेली नाही, आणि ते सिद्ध करायला मला कुणाची मदत लागणार नाही. पिशवीत घातल्या त्या दोन वस्तूंपैकी एक हिंगाची डबी. तिच्यात तो पितळी तुकडा आहे, पकडीचे दात दोन्ही बाजूंनी उमटलेला. दुसरी आपली कैरीच्या लोणच्याची बरणी. गेली दोन वर्षं तिचं झाकण रोज सकाळी तू मला उघडून दिलंस, कारण माझ्या बोटांच्या या गाठींना ते फिरवता येत नाही. भावजी डॉक्टर आहेत, संधिवाताच्या गोळ्या तेच लिहून देतात, तरी त्यांना हे सुचलं नाही. न्यायाधीशांसमोर ती बरणी ठेवीन आणि म्हणेन, बघा, माझा सगळा जोर लावते. झाकण हलणार नाही. पितळेची पिन मोडायला बोटं लागतात, सुमेधा. फळी उचलायला नुसता राग पुरतो, आणि तो मी कबूल करणार आहे, एका दातासकट नव्हे, दोन्ही दातांसकट. मग ती बरणी आपण कांचनच्या टेबलावर आणू. तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये, माझी बोटं ही अशी. तेव्हा बरणी मी पोटाशी दाबून धरेन, तू डाव्या हाताने झाकण फिरव. उघडेल.

त्या कोर्टात ‘तुम्ही कुणाच्या बाजूच्या?’ असं विचारतील, तेव्हाही

तुझीच,
आई